१९८८ च्या तीन नोंदी आणि आपला धुरा



आज पिकावर नाही, पिकाच्या कडेनं उगवणाऱ्या गोष्टींवर लिहितो. पोस्ट लांब आहे. डवरणीची घाई असेल तर रात्री निवांत वाचा.

बार्शीटाकळीच्या बाजारात, एसटी स्टँडवर, कुठंही दोन बुढे कास्तकार भेटले की एक गोष्ट हमखास निघते : पह्यले धुऱ्यावर जे उगवे, ते आता दिसत नाही. निंदणाला गेलेल्या बाया येताना पदरात चिवळ, कुंजरू, पाथरी घेऊन येत. आता भाजीसाठी मुद्दाम शोधत फिरावं लागतं. कोणी म्हणते तणनाशकानं गेलं, कोणी म्हणते युरियानं, कोणी म्हणते पाऊसच पहिल्यासारखा राह्यला नाही, कोणी म्हणते ट्रॅक्टरनं धुरेच खाल्ले. चारही जण खरं बोलत असतील. पण चौघांपैकी कोणाचं किती खरं, हे ठरवायला आपल्याजवळ काय आहे?

त्यासाठी दोन वह्या लागतात. एकीत काय उगवलं त्याची नोंद, दुसरीत माती, पाणी आणि फवारणी यांची नोंद. आणि दोन्ही वह्या एकाच जागेच्या, एकाच सालांच्या पाहिजेत. वऱ्हाडात या दोन वह्या कधी लिहिल्या गेल्या आणि त्यांची एकमेकींशी गाठ का पडली नाही, त्याचा हा इतिहास आहे.

वऱ्हाडाची यादी उशिरा का झाली

इंग्रजांना याद्या करायचं वेड होतं. हूकर यांचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ १८७२ ते १८९७ या काळात निघाला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये काढला. आजही महाराष्ट्रात कुठलं झाड कोणतं हे पाहताना अभ्यासक कुक उघडतात. पण त्या ग्रंथाच्या नकाशात वऱ्हाड नाही. कारण सरळ आहे, वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतंच. १८५३ च्या तहानं निजामाकडून ते इंग्रजांच्या ताब्यात आलं, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे राह्यला, आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. ना धड इकडं, ना तिकडं.

मग इंग्रजांनी वऱ्हाडात काय मोजलं? कापूस मोजला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या काळ्या मातीला भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून अकोला-बडनेरा करत नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. १८७० मध्ये खामगावला फाटा निघाला. आपला कापूस उमरावतीच्या नावानं, ‘उमरा’ म्हणून, लिव्हरपूलच्या बाजारात विकला जाऊ लागला. त्या कापसाचे धागे मोजले, रुईचा उतारा मोजला, सारा मोजला. ज्या जमिनीवर पह्यले गवत होतं तिथं पऱ्हाटी आली. पण त्या गवतात काय काय होतं, हे कोणी वावरनिहाय लिहून ठेवलं नाही.

एक खूण मात्र राह्यली. इंग्रजांनी १८८६ च्या वन कायद्याखाली वऱ्हाडच्या जंगलाचे वर्ग पाडले : लाकडाचं जंगल, गवताचे रमणे, चराईचं रान. त्याच अक्षरांच्या हिशोबातली ‘ई-क्लास’ अजून आपल्या तोंडात आहे. गावाची चराईची सरकारी जमीन म्हणजे ई-क्लास. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला हा शब्द सांगितला तर तो तोंडाकडे पाहत राहतो. आज वऱ्हाडातल्या गावात जुनं गवत कुठं शोधायचं असेल तर ई-क्लास, पांदण, नाल्याचा काठ आणि धुरा, एवढ्याच जागा उरल्या आहेत.

१९८८ : एकाच वर्षी तीन नोंदी

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र पुण्यात १९५५ मध्ये सुरू झालं. त्यातूनच पुढं जिल्हावार याद्यांचं काम झालं. एस. वाय. कांबळे आणि एस. जी. प्रधान यांचा ‘फ्लोरा ऑफ अकोला डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या जिल्ह्यात काय उगवते त्याची ही शास्त्रीय यादी. वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. म्हणजे १९८८ चा अकोला म्हणजे आजचे दोन जिल्हे. त्या यादीतलं एखादं झाड आज अकोल्यात सापडलं नाही तर ते ‘गेलं’ असं लगेच म्हणता येत नाही. ते कदाचित तेव्हाही वाशीमकडच्या डोंगरातच असेल.

दुसरी नोंद त्याच वर्षाची. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात (स्थापना २० ऑक्टोबर १९६९) दीर्घकालीन खत प्रयोग सुरू झाला. देशपातळीवर हा प्रकल्प १९७० चा, आपल्या अकोल्याच्या काळ्या मातीत तो १९८८ मध्ये आला. खरिपात ज्वारी, रब्बीत गहू, त्याच तुकड्यांवर, त्याच खतांच्या मात्रा, वर्षानुवर्षं. कुठं काहीच खत नाही, कुठं नुसतं नत्र, कुठं नत्र-स्फुरद-पालाश, कुठं त्यात शेणखत. त्यातून निघालेली मुख्य गोष्ट आपल्याला अनुभवानं माहीत आहे, पण तिथं ती आकड्यानं सिद्ध झाली : नुसत्या नत्रावर जमीन पुढं साथ देत नाही, आणि शिफारशीच्या खतासोबत शेणखत दिलं तर उत्पन्न आणि मातीतला सेंद्रिय कर्ब दोन्ही टिकतात. या प्रयोगाचा रोख पीक आणि माती यांच्यावर आहे.

तिसरी नोंदही १९८८ चीच. आपल्याच भागात काटेपूर्णा अभयारण्य जाहीर झालं, साधारण ७३ चौरस किलोमीटर. अकोला आणि वाशीमच्या सीमेवरचं सागाचं, धावड्याचं, सालईचं कोरडं रान, चौसिंग्यासाठी नाव असलेलं. शेजारी महानचं धरण, ज्याचं पाणी अकोला शहर पिते. हे रान राखलं म्हणून वऱ्हाडच्या मूळ झाडझाडोऱ्याचा एक नमुना तरी आपल्या तालुक्याजवळ शिल्लक राह्यला.

आता तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून पहा. एकीकडं वनस्पतींची यादी, पण ती जिल्ह्याची. वावराची नाही, आणि तिच्यासोबत मातीचा आकडा नाही. दुसरीकडं मातीचे आकडे, पण ते पिकाच्या तुकड्यांचे. तिसरीकडं राखलेलं रान, पण ते आपल्या वावराबाहेरचं. आपला धुरा या तिन्हींच्या मधल्या फटीत पडला. माती बदलली तर धुऱ्यावरचं काय बदलते, हा प्रश्न एकाही नोंदीचा मुख्य विषय नव्हता.

दोन्ही वह्या एकत्र ठेवल्या की काय दिसते

हे काम जगात एका ठिकाणी सर्वांत जास्त काळ चाललं आहे. इंग्लंडमधल्या हार्पेंडन गावी रॉथमस्टेड नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथं लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी १८५६ मध्ये एका जुन्या गवताच्या कुरणाचे तुकडे पाडले. आपल्याकडं १८५७ चं बंड व्हायचं होतं, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. प्रत्येक तुकड्याला ठरलेलं खत, काहींना काहीच नाही. हेतू साधा होता, कोणत्या खतानं चारा किती वाढतो ते पाहायचं.

दोन-तीन वर्षांतच तुकडे असे वेगळे दिसू लागले की जणू प्रत्येकात वेगळं बी पेरलं होतं. पेरलं काहीच नव्हतं. तेच कुरण, तेच बियाणं जमिनीत. फक्त मातीची प्रत बदलली आणि तिनं कोण राहील, कोण जाईल हे निवडलं. ‘पार्क ग्रास’ नावाचा हा प्रयोग आजही चालू आहे. खत न दिलेल्या तुकड्यांत आजही पस्तीस-चाळीस जातींची गवतं आणि फुलझाडं आहेत. जिथं अमोनियम सल्फेट भरपूर गेलं आणि चुना पडला नाही, तिथं माती आंबट होत होत दोन-तीन जातींवर आली. चारा मात्र खत दिलेल्या तुकड्यांत जास्त निघाला. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट अर्धी राहते.

पुढं १९०३ पासून तिथं काही भागांत चुना टाकून पाहिला. आंबटपणा कमी झाला तसे काही जातींना परत जागा मिळाली. म्हणजे नुसतं ‘खतानं जाती गेल्या’ एवढंच उत्तर नाही. आंबटपणानं किती गेल्या आणि नत्रानं किती, हे वेगळं करता आलं. २०१५ मध्ये तिथल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली : नत्राचा मारा थांबला, हवेतून पडणारं नत्रही कमी झालं, तर जाती हळूहळू परत येतात. गेलेलं सगळंच कायमचं गेलं असं नसते.

आता आपल्यासाठी याचा अर्थ काय, ते नीट समजून घ्या, नाहीतर इंग्लंडचं औषध वऱ्हाडच्या बैलाला दिल्यासारखं होईल. आपल्या काळ्या मातीत चुनखडी आहे, सामू आठच्या आसपास असतो. अमोनियम सल्फेटनं तिकडची माती जशी आंबट झाली तशी आपली सहजासहजी होणार नाही. त्यामुळं प्रयोगाचा आंबटपणाचा भाग आपल्याला लागू नाही. नत्राचा भाग मात्र लागू आहे. नत्र मिळालं की उंच, दांडगं गवत जोर धरते आणि बुटक्या झाडांवर सावली पडते. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये हे मजेशीर रीतीनं सिद्ध केलं. खत दिलेल्या गवतात त्यांनी खालच्या अंगाला दिवे लावले. उजेड मिळाला, तर खत असूनही बुटक्या जाती टिकल्या. म्हणजे ती खतानं जळून मरत नव्हती, सावलीत गुदमरत होती.

वावरात आपल्याला एकच पीक पाहिजे, तिथं विविधता मागण्यात अर्थ नाही. पण युरियाची मूठ धुऱ्यापर्यंत जाते, पावसानं वाहून नाल्याच्या काठापर्यंत जाते. तिथं हात-दीड हात उंच गवताची एकच गादी झाली असेल आणि खाली काहीच नसेल, तर या सावलीच्या गोष्टीचा विचार करा.

आपल्याच भागातल्या चार खुणा

आपल्याकडं १८५६ पासूनची वही नाही. पण मातीनं आणि माणसानं झाडं निवडल्याच्या खुणा वऱ्हाडात जागोजागी आहेत. त्यातल्या चार सांगतो.

*पहिली, खारपाण.* आपला तालुका पूर्णेच्या दक्षिणेला चढावर. उत्तरेकडं उतरलं की अकोला, बुलडाणा आणि अमरावती अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा लागतो. जमिनीखालचं पाणी खारट, मातीत सोडियम जास्त, पाणी मुरत नाही, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात दगड. तिथल्या कास्तकारानं पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या ओलीवर मूग, कापूस, हरभरा घेतला, तो हौसेनं नव्हे, माती ओळखून. अशा जमिनीत रुदंती नावाचं बुटकं, राखाडी झुडूप उन्हाळ्यातही हिरवं दिसते, पानांवर सकाळी पाण्याचे थेंब असतात, म्हणून नाव रुदंती. क्षार सोसणारी ती वनस्पती आहे. बोअरच्या पाण्यावर ओलीत करणाऱ्या कोणाच्या वावरात रुदंती नव्यानं दिसायला लागली, तर तिला नुसतं उपटून फेकू नका. पाण्याची आणि मातीची क्षारता तपासून घ्या. झाड तुम्हाला फुकटात सांगून राह्यलं आहे.

*दुसरी, टारफुला.* ज्वारीच्या मुळावर जगणारं हे तण बुढ्या लोकांना चांगलंच आठवते. त्याचं बी पिठासारखं बारीक, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहते, आणि ज्वारीच्या मुळातून विशिष्ट द्रव्य पाझरल्याशिवाय रुजत नाही. मातीत स्फुरद आणि नत्र कमी असलं की ज्वारीचं मूळ ते द्रव्य जास्त सोडते. म्हणून उपाशी जमिनीत टारफुला जास्त. ‘जमीन थकली की टारफुला येते’ असं बुढे म्हणत, त्यामागं हे शास्त्र आहे. आता आपल्याकडं सोयाबीननं ज्वारीला बाजूला सारलं, आणि टारफुला ओळखणारे पोट्टेही उरले नाहीत. एक पीक गेलं तर त्याच्या आधारानं जगणारं तणही जाते. हे चांगलं की वाईट तो वाद नंतर. पण याचं कारण तणनाशक नाही, पीकबदल आहे, हे नोंद असल्याशिवाय कसं कळणार?

*तिसरी, गाजरगवत.* १९५५ मध्ये पुण्यात वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र सुरू झालं, आणि त्याच सुमारास पुण्यातच हे गवत अभ्यासकांच्या नजरेस पडलं. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हासोबत ते आलं असं मानतात, म्हणून लोकांनी त्याला काँग्रेस गवत असंही नाव दिलं. पुढं ते देशभर झालं. पण ते कुठं फोफावते ते पहा : रस्त्याची कड, गावठाणाची पडीक जागा, खोदलेली माती, जास्त चरून उघडा पडलेला ई-क्लास. जिथं गवताची झाकण शाबूत आहे तिथं त्याला शिरणं जड जाते. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूर भागात सोडला, तो आता आपल्याकडंही पावसाळ्यात पानं खाताना दिसतो. आपला तरोटा आणि त्याच्या जातकुळीतली झाडं दाट उगवली तर गाजरगवताला दाबतात, हेही पाहून झालेलं आहे. ज्या कडेला नुसतं गाजरगवतच आहे, तिथं जमीन उघडी पडल्याची ती पावती समजा.

*चौथी, केना.* १० जून २०१९ ला आपल्याच जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला, तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या बियाण्याची जाहीर लागवड करून शेतकऱ्यांनी आंदोलन केलं. ते बियाणं मान्य व्हावं की नाही, यावर मी इथं बोलत नाही. निंदणाला मजूर मिळत नाही, मजुरी परवडत नाही, ही अडचण खरी आहे आणि ती मीही भोगतो. २०२२ मध्ये केंद्रानं ग्लायफोसेटच्या वापरावर बंधनंही घातली. मला सांगायची गोष्ट वेगळी आहे. एकच औषध दरसाल त्याच जागी मारलं की ज्याला ते कमी लागते ते तण मागं राहते. केना त्यातलाच. ग्लायफोसेट त्याला पुरतं मारत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात तणनाशक-सहनशील कापूस सरसकट झाल्यावर, २००० नंतरच्या काही वर्षांत हाच आपला केना तिथं कापसातलं मोठं दुखणं होऊन बसला. त्याची आणखी एक चलाखी पाहायची असेल तर मुळासकट उपटा. मातीखाली पांढऱ्या दांड्यांवर बंद फुलं दिसतील. त्यातही बी धरते. वरून जाळलं तरी खाली वंश चालू. ज्या वावरात पाच-सात प्रकारची तणं होती तिथं आता नुसता केना आणि लव्हाळा दिसत असेल, तर तण ‘कमी झालं’ असं नाही. नरम होतं ते गेलं, चिवट उरलं.

या चारही गोष्टींत शेवट सारखाच दिसतो, ‘पह्यले होतं ते आता नाही’. पण कारणं चार वेगळी : क्षार, पीकबदल, उघडी पडलेली जमीन, औषध. आणि कारण वेगळं म्हणजे उपायही वेगळा. क्षारानं गेलेलं तणनाशक बंद करून परत येणार नाही. सावलीनं गेलेलं एकदा-दोनदा चारा कापल्यानं येऊ शकते.

सरकारी वह्या आहेत, पण

तुम्ही म्हणाल, आता तर मातीचा कागद घरोघरी आला. खरं आहे. मृदा आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली, बारा गोष्टी तपासतात. पण कोरडवाहू भागात नमुना साधारण दहा हेक्टरला एक घ्यायचा अशी पद्धत ठरली. दहा हेक्टरमध्ये किती वावरं आणि किती धुरे येतात ते तुम्हीच मोजा. तो आकडा खताचा ढोबळ अंदाज द्यायला ठीक आहे, तुमच्या धुऱ्याची गोष्ट तो सांगत नाही.

वनस्पतींच्या बाजूनंही वही आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीनं समिती करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची. या नोंदवहीमागची कल्पना माधव गाडगीळ यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडली, ती अशी की गावातल्या जाणत्या माणसांनी, बायांनी, गुराख्यांनी आपल्या भाषेत आपलं ज्ञान लिहावं. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, दंडाचा धाक दाखवला, आणि मग वह्या भराभर भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या वहीत जे व्हायचं तेच होते : नावांची यादी असते, पण कोणत्या गटात, कोणत्या धुऱ्यावर, किती, हे नसते. आणि एकदा भरली की मिटली. दरसाल उघडली तरच तिला नोंदवही म्हणायचं, नाहीतर ती नुसती यादी.

तरी मी म्हणतो, आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती वही एकदा मागा. ती गावाची आहे, पाहायचा आपल्याला हक्क आहे. तिच्यात आपल्या धुऱ्याची पानं जोडता आली तर कागदाला जीव येईल.

आपण काय करू शकतो

यासाठी ना डिग्री लागते, ना यंत्र. मी ज्या पद्धतीनं करतो ती लिहून देतो. विद्यापीठातले जाणकार याला नावं ठेवतील तर ठेवू द्या, सुधारून सांगितलं तर आणखी चांगलं.

१) बांबूच्या कमच्या किंवा पाइपाचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन करा.

२) चार ते सहा जागा ठरवा : फवारणी लागते तो धुरा, न लागणारा धुरा, पांदण, नाल्याचा काठ, ई-क्लास. जागेवर दगड गाडून ठेवा. दरसाल जागा तीच पाहिजे. चांगली दिसते म्हणून जागा बदलली की सगळी मेहनत वाया.

३) वर्षातून तीनदा पहा : जुलैच्या शेवटी, दसऱ्याच्या अलीकडं, आणि संक्रांतीच्या सुमारास. चिवळ एका वेळी दिसते, दिपमाळ दुसऱ्या वेळी. एकदाच पाहिलं तर अर्धी झाडं सुटतात.

४) चौकोनात किती प्रकार आहेत ते लिहा, आणि सर्वांत जास्त जागा कोणी व्यापली ते लिहा. नाव माहीत नसेल तर फोटो काढा आणि ‘पिवळ्या फुलाचं, केसाळ पान’ असं लिहा. गावात एखादी म्हातारी माय नाव सांगेलच. शेजारच्या गावात तेच झाड वेगळ्या नावानं असते, म्हणून फोटो पाहिजेच.

५) त्याच जागेची माती दोन-तीन वर्षांतून एकदा तपासा. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब एवढे तीन आकडे पुरे. वावराच्या नमुन्यात धुऱ्याची माती मिसळू नका, पुडी वेगळी करा.

६) त्या वर्षी तिथं काय घडलं ते लिहा : कोणती फवारणी, कोणतं खत, जेसीबी लागला का, जाळलं का, गुरं चरली का, पाऊस कसा झाला.

सहावा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. पार्क ग्रासची ताकद हीच आहे की तिथं ‘काय उगवलं’ आणि ‘काय टाकलं’ या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या गेल्या. एका सालची नोंद काही सांगत नाही, कारण एखाद्या वर्षी पाऊसच उघडीप देते आणि अर्धं बी रुजतच नाही. पाच सालांनंतर वही बोलायला लागते.

आणि हे कशासाठी? नुसत्या हौसेसाठी नाही. तूर फुलावर येते तेव्हा तिच्यावर मधमाशा पाहिजेत, आणि तूर फुलायच्या आधी त्या माशांना धुऱ्यावरची फुलंच जगवतात. बैलांना, शेळ्यांना पावसाळ्यात धुऱ्याचंच गवत. घरात पावसाळी भाजी तिथलीच. आणि धुऱ्याची झाकण गेली की पहिल्या जोरदार पावसात वावराची माती नाल्यात. धुरा हा वावराचा आरसा आहे. आतमध्ये माती काय झाली ते पऱ्हाटी उशिरा सांगते, कारण तिला आपण खत-औषधानं सावरत असतो. धुऱ्यावरच्या झाडांना कोणी सावरत नाही. म्हणून ती लवकर सांगतात.

१९८८ मध्ये झालेली जिल्ह्याची यादी आपल्याजवळ आहे, अकोल्याच्या प्रयोगातले मातीचे आकडे आहेत, काटेपूर्ण्याचं राखलेलं रान आहे. तीन खांब उभे आहेत. मधली जागा आपल्या वावरांची आहे, आणि ती बाहेरचा कोणी येऊन भरणार नाही. संशोधकाला एक प्रकल्प तीन वर्षांचा मिळतो. आपला धुरा आपल्याजवळ जन्मभर असतो, आणि पुढं पोरांकडं जातो.

आवंदा दसऱ्याच्या आधी चौकोन करून ठेवा. पहिलं पान लिहायला एक सकाळ पुरते.

जय जवान, जय किसान.